ओल्या दगडांचे देवतळेकाका

देवतळेकाकांकडे पाहुणा आला तर त्याला आंघोळीला बादली मिळत नसे. बादलीत दगड भिजत असत. वरणाच्या पातेल्यात दगड, पूजेच्या तांब्यात दगड. आईनं त्यांना दिलेली लोणच्याची बरणी परत आली तीही आत दगड घेऊनच.

काका नागपुरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत यंत्राखाली दगड दाबून फोडायचे. एक कोरडा, एक भिजवलेला. घरी एकटेच, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. "नरम दगड कोरडा असला तं हत्ती पेलते गा. भिजला का बकरीही नाही!" हे ते लग्नात सांगत, बारशात सांगत. एकदा मयतीतही सांगितलं.

सत्तरच्या दशकात आम्ही लकडगंजात एकाच आवारात भाड्यानं राहायचो. घरमालक गुप्ताजींनी अंगणात पिवळ्या, नरम दगडाचे दोन खांब उभारून त्यांवर पाण्याची टाकी बसवली. टाकी पहिल्या दिवसापासून गळू लागली.

"गुप्ताजी, टाकी उतरवा. खांब भिजून राहिले."

"देवतळेजी, पत्थर है, बिस्किट नहीं!"

काकांनी त्याच दगडाचा तुकडा गुप्ताजींच्या चहात बुडवला, जरा वेळानं काढून अंगठ्यानं दाबला. भुगा झाला. गुप्ताजींना दुःख झालं ते चहाचं.

टाकीच्या सावलीत बायका गहू निवडायला बसत. काकांनी ती सगळी जागा आपल्या बादल्या-पातेल्यांनी भरून टाकली आणि रजा काढून लांब खुर्चीवर पहारा दिला. बायकांनी त्यांचा उद्धार केला. आईनंही केला.

नवव्या दिवशी दुपारी एक खांब गुडघे टेकावे तसा बसला आणि टाकी पातेल्यांवर कोसळली. कुणाला खरचटलंही नाही. गुप्ताजी हात जोडत धावले. आता काका आवारभर मिरवणार, असं मला वाटलं. ते खुर्चीत रडत बसले होते.

"भाऊजी, तुमचंच खरं झालं," आई म्हणाली. "काहून रडून राहिले?"

"वैनी, एका खाणीतल्या खांबाचा दगड आला होता माझ्याकडं. मी कोरडाच दाबला. मजबूत हाय म्हणून लिहून देल्लं. मंग खाणीत पाणी शिरलं, खांब भिजून बसला. माझा धाकटा भाऊ किसना... खालीच होता."

आईनं त्यांना हाताला धरून आमच्या घरात आणलं, पाट मांडला, ताट वाढलं. काकांनी तीन घास खाल्ले आणि बसल्या बसल्याच झोपी गेले.

आईनं त्यांना उठवलं नाही. संध्याकाळपर्यंत ती माश्या वारत बसली.