चांद्याची खांदशेकणी

गेल्या पोळ्याला महादेवरावांचा चांद्या रांगेतून उधळला आणि वेशीवरचं आंब्याच्या पानांचं तोरण शिंगात घेऊन थेट आर्वीच्या बसस्टँडवर उभा राहिला, असं रोहणा गावात आजही शपथेवर सांगतात. यंदा पंचांनी बजावलं होतं, पुन्हा उधळला तर महादेवरावांची जोडी पोळ्यात कायमची बंद. त्या धास्तीनं महादेवरावांना भाकर गोड लागेना, आणि अनुसयाबाईंना नवऱ्याचं ते झुरणं बघवेना.

सून मयुरी नागपूरला सुगंधाच्या उपचाराचा कोर्स शिकलेली. तिनं लव्हेंडरच्या तेलाची बाटली काढली. "मामाजी, या वासानं जीव शांत होते. राग उतरते."

"माणसाचा उतरत असन. बैलाचं काय?" अनुसयाबाई म्हणाल्या.

"काऊन? बैलाले नाक नाई का वं?" महादेवराव गरजले. त्यांनी साधं पाणी मागितलं तरी गोठ्यात चांद्या दावं तोडायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. तूप-हळदीत मयुरीचं तेल कालवून महादेवराव बैलाचा खांदा चोळायला लागले. चांद्याला वास काही रुचला नाही. तो मान झटके, आणि सगळं महादेवरावांच्या मिशीत, मुंडाशात, धोतरावर. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," हे बैलाला सांगता सांगता त्यांना जांभई आली.

दुसऱ्या दिवशी रांगेत शेजारी बबनराव. "काय महादेवराव, तोरण आत्ताच सोडून ठेवू का?"

एरवी एवढ्यावर बैल हाकायची तुतारी उगारली गेली असती. महादेवराव कालचा वास धरलेल्या मिशीत हसले. "तुमची मर्जी, बाप्पा."

बबनराव चरकले. "तब्येत बरी हाय नं?"

"मस्त. तुमचीच काळजी वाटते मले."

बबनरावांना घाम फुटला. जाणारा माणूसच इतकं गोड बोलतो! हातातला कासरा टाकून ते महादेवरावांची नाडी धरायला धावले, आणि त्यांचाच मोकळा बैल तोरण घेऊन पसार झाला. रांगेत एकच पळापळ. चांद्या मात्र रवंथ करत उभा. कानाशी कोणी ओरडतच नव्हतं, तर त्यानं उधळावं कशाला?

पंचांनी येऊन चांद्याची पाठ थोपटली. "पाह्यलं? बैलाले औषध लागू पडलं," महादेवराव हळू आवाजात म्हणाले.

मयुरी खरं काय ते सांगणार, तोच अनुसयाबाईंनी तिला कोपरानं ढोसलं.

"त्यायले सांग, औषध रोज लावा लागते," त्या कुजबुजल्या. "अन् मालकानंच चोळाले पाह्यजे."