चौदा मजल्यांचा वंश

"या टॉवरचं डिझाइन मी करणारच नाही," शिवलीलानं धोंडप्पांना ऐटीत सांगितलं. "इमारतीच आपापसात लग्नं लावतील आणि पोरं काढतील."

शिवलीला सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ छोटं ऑफिस थाटून बसलेली स्ट्रक्चरल इंजिनिअर. धोंडप्पा दुधनीचे, डाळीच्या व्यापारातून बिल्डर झालेले आणि आता तिथंच चौदा मजले चढवायला निघालेले. तिनं त्यांना समजावलं, की कॉम्प्युटरमध्ये शंभर इमारती उभ्या करायच्या आणि भूकंपात हलतात तशा हलवायच्या. पडल्या त्या मेल्या, टिकल्या त्यांच्या जोड्या लावायच्या, मग त्यांच्या पिल्लांना हलवायचं. याला जेनेटिक अल्गोरिदम म्हणतात. धोंडप्पांना नाव झेपलं नाही, पण गिऱ्हाइकांपुढं शोभेल एवढं कळलं. त्यांनी हॉल घेतला, भजी तळायला टाकली आणि बुकिंगवाले गोळा केले.

निकाल सगळ्यांसमोरच उघडायचा, असा शिवलीलाचा हट्ट. तिनं बटण दाबलं आणि पडद्यावर कित्येक पिढ्यांची सर्वश्रेष्ठ इमारत अवतरली. एकमजली.

कमीत कमी हलणारी, कमीत कमी लोखंड खाणारी इमारत हवी, हे तिनं कॉम्प्युटरला बजावलं होतं. मजले चौदाच हवेत, हे सांगायचं राहिलं होतं.

"हे तर आमचं डाळीचं गोडाऊन झालं की," धोंडप्पा म्हणाले. भजी खाणाऱ्यांना ठसका लागला.

तिनं खपून चूक सुधारली. आता चौदा मजले आले, पण तळाशी जाडजूड भिंतीही आल्या, नेमक्या धोंडप्पांनी तिथं आखलेल्या दुकानांच्या शटरच्या जागी. तिनं पुन्हा पुन्हा पिढ्या चालवून पाहिल्या. भिंती नसलेली प्रत्येक इमारत तळमजल्यातच गुडघे टेकायची.

"भूकंप कदी यील ठाऊक न्हाय," धोंडप्पा शांतपणे म्हणाले. "दुकानाचं गिऱ्हाईक उद्याच येतंय. भिंती काड."

भिंती काढलेल्या नकाशावर तिनं सही नाकारली. दुसऱ्या इंजिनिअरनं केली. तिनं महापालिकेत तक्रार दिली, तर कागदपत्रं नियमात आहेत असं उत्तर आलं. टॉवर उभा राहिला. 'कॉम्प्युटरनं भूकंपात पारखलेली इमारत' असा बोर्ड लागला, आणि ओळखीचे लोक रस्त्यात गाठून तिचं अभिनंदन करू लागले.

एके संध्याकाळी तिचे वडील सिद्धाप्पा पेढ्यांचा बॉक्स घेऊन ऑफिसात आले. गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला न विचारता काहीतरी घेतलं होतं.

"फ्लॅट घेतला त्या टॉवरमदी," ते म्हणाले. "माज्या लेकीचं डिझाइन हाय म्हटल्यावर डोळे झाकून घेतला बघ."

शिवलीलाच्या हातात पेढा तसाच राहिला. "कुठल्या मजल्यावर, अप्पा?"

"पयल्या. बरोबर दुकानांच्या डोक्यावर. लई सोयीचं."