अण्णांचा निळा ठिपका

नीट चालणारी वस्तू उघडून बघू नये, एवढं साधं शहाणपण देवाने मला दिलं असतं, तर आज मी सासुरवाडीला ताठ मानेने गेलो असतो. पण मी वीज कंपनीत आहे. (बिलांच्या खिडकीत. नातेवाइकांना एवढं खोलात सांगायची गरज मला कधी वाटली नाही.) त्यामुळे घरात तारेची, बटणाची किंवा उजेडाची कुठलीही वस्तू आली की ती तपासणं मला माझं कर्तव्य वाटतं.

माझे सासरे ढुंढिराजगुरुजी, म्हणजे आमचे अण्णा, पंचवटीत राहतात. गोदावरीवर विधी करायला येणाऱ्या यजमानांची नावं, गावं, कोण कधी आलं, हे सगळं त्यांच्या घरात चार पिढ्या वह्यांत लिहून ठेवलंय. तीच नामावळी. सिंहस्थ जवळ आला म्हणून एका संस्थेने त्यांचं ह्याच विषयावर व्याख्यान ठेवलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिलं व्याख्यान! वह्यांच्या पानांचे फोटो मोठ्या पडद्यावर दिसणार होते. पण अण्णांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय. खुर्चीत बसून पडद्यावर दाखवणार कसं?

म्हणून आमच्या आभाने, माझ्या लेकीने, पुण्याहून पहिल्या पगारातून एक लेझर पॉइंटर पाठवला. पेनाएवढा, निळा, धातूचा. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर निळा ठिपका. निळाच का, तर मोतीबिंदू काढल्यापासून अण्णांना निळा रंग फार लख्ख दिसतो. आठ दिवस अण्णा त्या ठिपक्याने भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एकादश्या दाखवत होते. "सत्तर वर्षं बोटाने दाखवलं, जावईबापू. आता किरणाने दाखवीन," असं म्हणून ते पेन संध्येच्या पळीपंचपात्रीशेजारी ठेवायचे.

व्याख्यान रविवारी संध्याकाळी होतं. अण्णा सकाळीच आमच्याकडे इंदिरानगरला आले. त्या दिवशी नेमकी संकष्टी. बायको, इंदिरा, स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती, आणि भिजलेला साबुदाणा डायनिंग टेबलावर ताटात मोकळा करून ठेवलेला होता. ह्या ताटाकडे वाचकांनी लक्ष ठेवावं. मी ठेवलं नाही.

"अण्णा, पेन द्या बघू," मी म्हणालो. "निळे लेझर लेबलावर लिहिलेल्यापेक्षा जास्त ताकदीचे निघतात म्हणे. डोळ्यांना वाईट. जरा तपासून देतो."

"अहो, हात लावू नका हं त्याला!" आतून इंदिरेचा आवाज आला. "तुम्ही दारावरची बेल दुरुस्त केल्यापासून गीझर लावला की बेल वाजते."

मी अर्थातच चष्म्याचा बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. काम पद्धतशीर व्हावं म्हणून एका जुन्या बिलाच्या पाठीमागे यादीही सुरू केली. एक, टोपी. दोन, सेल, दोन नग. तीन, स्प्रिंग. अण्णा खुर्ची ओढून जवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की मला थांबताच येईना.

"हे हिरवं काय?"

"सर्किट. करंट सांभाळतं."

"आणि ही पितळी नळी?"

"ह्यात डायोड असतो. उजेडाचं मूळ ते."

"निळा का पडतो पण?"

"ते... कंपनीवर असतं," मी म्हणालो.

"आणि हा काचेचा थेंब?"

"भिंग! हे नसेल तर ठिपका पडणारच नाही. नुसता उजेड पसरेल." (हे वाक्य मी स्वतः, माझ्या तोंडाने, साक्षीदारासमोर बोललो.) यादीत मी लिहिलं: सात, भिंग, एक नग, स्थिती उत्तम. खाली सहीसुद्धा केली.

अण्णा हात धुवायला उठले. मी भिंग परत बसवायला गेलो, तर त्याच्याखालची बारकी स्प्रिंग टिचकन उडाली आणि भिंगही उडालं. ते साबुदाण्याच्या ताटात पडलं. मी पाहिलं. साबुदाण्याएवढंच, साबुदाण्यासारखंच गोल. मी दोन्ही हातांनी ताट उपसायला लागलो, तेवढ्यात इंदिरा बाहेर आली.

"साबुदाण्यात बोटं का घालताय?"

"भिजलाय का बघतोय."

"बत्तीस वर्षांत आजच सुचलं!" असं म्हणून ती ताट घेऊन गेली.

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर काहीही बिघडलं नसतं. पांढरे दाणे होते, तिघांनी मिळून पाच मिनिटांत शोधलं असतं. पण "हात लावू नका" हे तिचं वाक्य अजून कानात होतं आणि मी गप्प बसलो. ह्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

साबुदाणा शिजला की काय होतं हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काचेसारखा होतो. इंदिरेने ताटली पुढे ठेवली आणि माझ्यासमोर हजारभर भिंगं वाफाळत होती. मी एकेक दाणा चमच्याने दाबून बघू लागलो.

"खिचडी खाताय की तिची परीक्षा घेताय?" इंदिरा म्हणाली.

अण्णांची दुसरी ताटली चालू होती.

"अण्णा, जरा सावकाश चावा हं."

"कवळी आहे, जावईबापू. ती सावकाशच चावते." मग ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "एक दाणा मघाशी कडक लागला खरा. दगडच. पण म्हटलं, लेकीने केलंय, कशाला बोला? गिळून टाकला."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. मग मला सगळं सांगावं लागलं. इंदिरेने टेबलावरची यादी उचलली आणि मोठ्याने वाचली. "सात, भिंग, एक नग, स्थिती उत्तम. सही."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गुळगुळीत आणि एवढंसं असेल तर काळजी नको, आपोआप जाईल. हसण्याचा आवाज दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, तो जमला नाही. अण्णाही हसले. पण मी पेन जोडून बटण दाबलं आणि भिंतीवर ठिपक्याऐवजी परातीएवढा फिकट निळा डाग पडला, तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

"मग आईच्या ओळी कशा दाखवणार?" ते म्हणाले.

कुठल्या ओळी, ते इंदिरेलाही माहीत नव्हतं; अण्णांनी तेव्हा सांगितलं. छप्पन्नच्या सिंहस्थात त्यांच्या वडिलांना विषमज्वर झाला होता. नऊ वर्षांचे अण्णा ओट्यावर यजमानांना नावं विचारत आणि आत येऊन आईला सांगत, आणि आई ती वहीत लिहीत असे. बाईने नामावळी लिहिली हे कोणाला कळू नये म्हणून तिने मोडी अक्षर हुबेहूब नवऱ्यासारखं काढलं. एका पानावरच्या चार ओळी. त्या कुठल्या, हे जगात फक्त अण्णांना ओळखू येतं. व्याख्यान त्यांनी त्या चार ओळींसाठीच स्वीकारलं होतं.

मी स्कूटर काढून शहरभर फिरलो. रविवार. असलं पेन मिळेल असं एकही दुकान उघडं नाही. आठ दिवस त्या ठिपक्याशी खेळणारा म्हातारा माणूस डोळ्यांसमोर येत होता, आणि मला माझीच लाज वाटत होती.

सभागृह भरलं होतं. अण्णा छान बोलले. मग ते पान आलं. अण्णांनी सवयीने पेन उचललं, बटण दाबलं आणि म्हणाले, "ह्या चार ओळी पाहा." सगळं पान निळं झालं.

"कुठल्या, गुरुजी?" मागून कोणीतरी विचारलं.

"ह्या," अण्णा म्हणाले. त्यांनी पेन आणखी पुढे धरलं. "ह्या हो. ह्या."

मला बसवेना. मी तडक स्टेजवर गेलो आणि पडद्याला बोट लावलं.

"खाली," अण्णा म्हणाले. "अजून. फार खाली गेलात. डावीकडे. तुमचं डावं नाही, माझं!" लोक हसायला लागले. मला मोडीतलं एक अक्षर येत नाही, मी घाम पुसत बोट सरकवत होतो. "वर. एक ओळ वर. हां! तिथेच. आता हलू नका."

मी हललो नाही.

"हे माझ्या आईचं अक्षर," अण्णा म्हणाले. सभागृहात कोणी हसेना. मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली. शेवटी आईचं नाव घेतलं, चंद्रभागा, आणि म्हणाले की हे नाव त्या वहीत कुठेच नाही, म्हणून आज मोठ्याने सांगतोय. माझा हात खांद्यापासून बधिर झाला होता, आणि डोळे पुसायला दुसरा हात वर केला तर अण्णा ओरडले, "हलू नका म्हटलं ना!"

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लॅपटॉपवरचा बाण फिरवून त्या ओळी सहज दाखवता आल्या असत्या, हे आभाने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. तिथे ते कोणालाच सुचलं नाही. मला तर नाहीच.

घरी परतताना मी अण्णांची माफी मागितली. ते म्हणाले, "आईच्या ओळी दिसल्या ना लोकांना. झालं." तेवढ्यावर मला जरा बरं वाटलं होतं.

मग संस्थेने फोटो पाठवला. त्या क्षणाचा तेवढा एकच फोटो निघालाय. त्यात अण्णा आहेत, पडदा आहे, वहीचं पान आहे, आणि चार ओळींपैकी साडेतीन ओळींवर माझ्या पोटाची सावली आहे. म्हणजे सभागृहातही त्या कोणाला दिसल्या नसणार, आणि अण्णांना ते तेव्हाच दिसलं असणार. तरीही त्यांनी तो फ्रेम करून ओटीवर लावला. येणारा प्रत्येक यजमान विचारतो, "गुरुजी, हे तुम्ही. आणि हे मध्ये कोण उभे आहेत?"

"तो होय?" अण्णा म्हणतात. "तो पॉइंटर."