सासूबाईंचा पहिला वर्ग आणि माझी दुरुस्ती

लॅपटॉप कसलाही अडेलतट्टू असो, माझा हात लागला की सुतासारखा सरळ होतो! ही बढाई मी सासरी इतक्यांदा मारली होती, की सासूबाईंचा लॅपटॉप रुसल्यावर बोलावणं मलाच आलं.

प्रसंग बाका होता. आयुष्यभर भरतकाम केलेल्या सासूबाई पहिल्यांदाच ऑनलाइन वर्ग घेणार होत्या. आजचा धडा फुकट. आवडला तर बायका पुढे शिकणार, नाहीतर वर्ग जन्मतःच बंद. आणि सुरुवात तोंडावर आलेली असताना ब्राउझर जागचा हलेना!

"जावईबापू, होईल ना हो वेळेत?" सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला होता.

"आई, तुम्ही आत जाऊन सुया ओवून ठेवा. बाकी माझ्यावर सोडा!"

"कोणावर सोडतेयस ते बघ, आई!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली. मी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

बघतो तर काय, वरच्या पट्टीत टॅबच टॅब! लग्नघराबाहेरच्या चपलांसारखे एकमेकांवर चढलेले. एकदा बंद केलं की परत सापडत नाही, म्हणून सासूबाई कधी काही बंदच करत नाहीत. त्यातच वर्ग सुरू झाला. बायकांचे चेहरे उमटले आणि तसेच थिजले. मी घाबरून दिसेल त्या बटणावर दणादण क्लिक केलं. ढिम्म! म्हटलं, गेला हा वर्ग. आता इंटरनेटलाच शरण जाऊ. महत्प्रयासाने एक नवा टॅब उघडला आणि लिहिलं, 'ब्राउझर अडकला तर काय करावं?'

उत्तर आलं, जास्तीचे टॅब बंद करा.

मी लिहिलं, 'सासूचे टॅब न विचारता बंद केले तर तिला कळतं का?'

यावर इंटरनेटने काही खात्रीशीर सांगितलं नाही. मी देवाचं नाव घेतलं आणि सटासट टॅब उडवले. अहो, ब्राउझर वाऱ्यासारखा पळू लागला! मी खूश. आणि मग लक्षात आलं. आजच्या धड्याची नक्षी त्यातल्याच एका टॅबमध्ये होती!

घाईघाईने लिहिलं, 'बंद केलेला टॅब परत कसा आणावा?' उत्तर वाचायलाही धीर नव्हता. लगेच पुढचं लिहिलं, 'जावयाला लॅपटॉपमधलं काही कळत नाही हे सासरी कसं लपवावं?'

तेवढ्यात फोन कानाला लावून सासूबाई बाहेर आल्या.

"जावईबापू, वर्गातली एक बाई म्हणतेय, कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबा. नक्षी परत येईल."

"तिला... तिला कसं कळलं?"

"तुमची स्क्रीन सगळ्यांना दिसतेय म्हणे. मघापासून!"

माझ्या त्या दणादण क्लिकांपैकी एक स्क्रीन दाखवण्याच्या बटणावर बसला होता. मी वर्गाचा टॅब उघडला. समस्त शिष्यवर्ग पदर, रुमाल, जे हाताला लागेल ते तोंडात कोंबून हसत होता. मी नक्षी परत आणली आणि जमिनीत गडप व्हायला जागा शोधली.

वर्ग झकास झाला. संपल्यावर सासूबाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत आल्या.

"सगळ्याच्या सगळ्या राहिल्या हो! फक्त विचारत होत्या, सुरुवातीला दर वेळी जावईबापू असतील ना?"

"आई, अहो, मला ऑफिस असतं!"

"माहितीये ना. म्हणून तर वर्ग रविवारी ठेवलाय."