डोळ्यांची आखणी

सून शाळेत शिकवायला गेली, नात जेवून झोपली, तेव्हा जयवंतरावांनी सुनेच्या टेबलावरची चित्रं हळूच उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. न्हावी, भाजीवाली, शाळेतली पोरं... सगळ्यांची तोंडं लांबोडकी, कातडी निळी आणि डोळ्यांच्या जागी नुसता कोरा कागद!

मुलांसाठीचं हे निरुपमाचं पहिलंच पुस्तक. दोन वर्षं ती त्यावर खपत होती, आणि आज संध्याकाळी गुणवंतभाई हे गुजराती प्रकाशक चित्रं पाहायला अकोट्यातल्या या घरी येणार होते. जयवंतरावांना सुनेची दया आली. दर वर्षी गणपतीच्या आधी ते हौसेने वाडीतल्या मूर्तिकाराकडे जाऊन डोळ्यांची आखणी करत. आखणी सगळ्यात शेवटी करायची, हा तिथला नियम. पोरीची शेवटची आखणी राहिली असणार, दुसरं काय? त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि एकेका चेहऱ्याला डोळे घातले.

ब्रश धुऊन त्यांनी समाधानाने मागे वळून पाहिलं. सगळी चित्रं त्यांच्याकडेच बघत होती. ते खिडकीपाशी सरकले. नजरा खिडकीपाशी आल्या. ते कपाटाआड झाले. नजरा कपाटावर थांबल्या. आणि ती नजर ओळखीची होती. बेसनाच्या लाडवाच्या डब्याला त्यांचा हात लागला की दारातून नेमकी हीच नजर यायची. न्हाव्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या बायकोचे, कमलाबाईंचे डोळे होते. आणि कमलाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आजोबा, यांना कुणी उठवलं?" दारात नीरा डोळे चोळत उभी होती.

"उठवलं नाही गं. आईचं राहिलं होतं, ते पुरं केलं."

"राहिलं नव्हतं काही! डोळे मी मनातल्या मनात काढायचे, असं आई म्हणाली होती. मला आधीचीच चित्रं आवडायची."

सुनेची दोन वर्षांची मेहनत आपण तासाभरात मातीत घातली! जयवंतरावांनी घाईघाईने पांढरा रंग कालवून डोळ्यांवर फासला. रंग ओला होता तोवर सगळं ठीक होतं. वाळला तसे डोळे खालून हळूहळू वर आले, पडद्याआडून कुणी पाहावं तसे. दुसरा हात दिल्यावर ते अर्धेच झाकले गेले. आता कमलाबाई डोळे किलकिले करून बघू लागल्या. हे जास्तच वाईट होतं.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. गुणवंतभाई वेळेआधीच टपकले होते.

"निरुपमाबेन नाय? चालेल, काका, तमनेच सांगतो. आंधळी चित्रं मी नाय छापणार. पोरांचे आईबाप घाबरी जाय. डोळे घालून द्या, तरच पुस्तक."

जयवंतरावांचा जीव भांड्यात पडला. "घातलेत की! हे बघा!"

गुणवंतभाईंनी हसत चित्रं पुढ्यात ओढली. हसू ओठांवरच वाळलं. त्यांनी खुर्ची डावीकडे सरकवली, मग उजवीकडे. मग जयवंतरावांनी दिलेली बिस्किटं निमूट बशीत परत ठेवली.

"काका, आ बेन कोण?"

"माझी बायको."

"घरात छे?"

"नाही. गेली."

"कुठे गयां?"

"वारली हो."

गुणवंतभाई ताडकन उठले. "नको, नको! डोळ्याविनाच छापूं!"

"काय म्हणालात?" भाजीची पिशवी घेऊन निरुपमा दारात उभी होती.

"बेन, तमे साचां, तुमचंच खरं! पहिल्यासारखी, बिनडोळ्याची चित्रं नवी करून द्या, हुं छापीश. पण आ वाली मला दाखवू नका." एवढं बोलून ते चित्रांकडे पाठ न करता, मागे मागे चालत बाहेर पडले.

निरुपमाने पिशवी खाली ठेवली आणि एकेक चित्र पाहिलं. जयवंतराव शाळेत छडी खायला उभं राहावं तसे उभे होते.

"मला वाटलं, डोळे राहिलेत," ते म्हणाले. "चूक झाली माझी. तुला आता सगळं पुन्हा काढावं लागणार."

"काढीन, बाबा. बिनडोळ्यांच्या चित्रांसाठी गुणवंतभाईंशी चाललेली माझी लढाई तर जिंकून दिलीत ना तुम्ही." तिने भाजीवालीचं चित्र जवळ घेतलं. "हे आईंचेच डोळे. त्या गेल्यावर मी चित्रं काढायला लागले. त्यांनी माझं एकही चित्र पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं."

जयवंतरावांनी टेबलाकडे चोरटं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दुपारपासून बघतेच आहे ती."

निरुपमाने चटकन पदर सारखा केला.