मालनबाईंची सुतळी

परवडणारं घर ही अत्यंत शास्त्रीय कल्पना आहे. घर परवडत नसेल तर ते परवडेपर्यंत लहान करत जायचं. यात कुणाची फसवणूक नाही. उलट ग्राहकाच्या ऐपतीची इतकी कदर दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत असेल, असं मला वाटत नाही.

आमचे वाकोल्याचे शेजारी सहदेव परब यांनी असं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा सल्लागार म्हणून मला सोबत नेलं. माझी पात्रता एवढीच, की मीही असं एक घर बुक केलंय. (ताबा मिळायचा आहे.) सोबत सहदेवची बायको नंदा, मुलगी अक्षता आणि आई मालनबाई. या चौघांची सध्या मिळून एक खोली आहे.

प्रकल्प मानखुर्दला, म्हणजे जाहिरातीप्रमाणे ‘अप्पर चेंबूर’मध्ये. स्टेशनपासून पाच मिनिटं. (ही पाच मिनिटं गणपतीला सगळे गावी गेल्यावर, रिकाम्या रस्त्यावरून, बिल्डरच्या गाडीने मोजतात.) खिडकीतून डोंगर दिसतो. तो देवनारच्या कचऱ्याचा आहे, असं काही असंतुष्ट लोक म्हणतात. पण सह्याद्री वर्षानुवर्षं झिजतोय आणि हा वाढतोय, हेही लक्षात घ्यायला हवं.

आधी सॅम्पल फ्लॅट दाखवतात. त्याची रचना अभ्यासण्यासारखी असते. दारं नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. एका भिंतीला अख्खा आरसा असतो, त्यामुळे खोली दुप्पट होते. (आरशातल्या खोलीचे पैसे लावत नाहीत, ही सवलत.) टीव्ही पुठ्ठ्याचा, सफरचंदं प्लास्टिकची, आणि बेड पावणेपाच फुटांचा. सहदेव कौतुकाने त्यावर आडवा झाला, तर त्याचे पाय घोट्यापासून बाहेर आले.

“सर, बेड फक्त आयडियासाठी आहे,” श्रुतिका म्हणाली. ही बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी. स्वभावाने गोड, आणि दमलेली.

इथवर सगळं नियमानुसार चाललं होतं. तेवढ्यात मालनबाईंनी कनवटीची सुतळी काढली.

ही सुतळी त्यांनी घरूनच मापून आणली होती. मधल्या गाठीपर्यंत कपाट, गाठीपासून शेवटपर्यंत खाट. कपाटाशिवाय घर नाही, आणि खाटेशिवाय मालनबाई नाहीत. त्यांचे गुडघे गेलेले, जमिनीवर झोपल्या तर दोघांनी उठवावं लागतं. त्यामुळे हॉलच्या भिंतीला सुतळी बसली तर मालनबाई मुंबईत. नाही बसली तर कणकवलीकडच्या बंद घरात, एकट्या. हे कुणी कुणाला बोललं नव्हतं, पण चौघांना ठाऊक होतं.

“काकी, माप नका ना घेऊ,” श्रुतिका कळवळून म्हणाली. “फील घ्या!”

मालनबाईंनी फील घेतला नाही. सुतळीचं एक टोक नंदाच्या हातात देऊन त्या भिंतीकडेने चालत गेल्या. भिंत संपली. सुतळी हातभर उरली.

बांधकामाच्या दृष्टीने यात काहीच दोष नव्हता. भिंत मंजूर नकाशाप्रमाणे होती. सुतळी मात्र कुठेही मंजूर झालेली नव्हती.

“राहू दे आई,” सहदेव म्हणाला. “दुसरं बघू.”

“दुसरं कुठलं?” नंदा हळूच म्हणाली. “अहो, हे बारावं घर आहे.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून अक्षता ओरडली, “आजी, ही माझी रूम ना गं? झकास आहे!” तिचं हे दहावीचं वर्ष. आजवर ती अभ्यासाला जिन्यात बसत आली आहे.

मालनबाई तिकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सुतळीचं उरलेलं टोक दुमडलं, गाठ मारली आणि सगळ्यांसमोर पुन्हा भिंतीला लावून दाखवलं. आता सुतळी बरोबर बसली.

“सुतळी जुनी रे झिला,” त्या म्हणाल्या. “ताणान ताणान वाडली आसतली. माझी खाट काय येवडी मोठी नाय.”

आमच्यापैकी प्रत्येकाने ती खाट पाहिलेली आहे. सहदेवने तर लहानपण तिच्यावर काढलंय. तरी त्याने मान डोलावली. सल्लागार या नात्याने मी “मावशी म्हणतात ते बरोबर आहे” असा अभिप्राय दिला, आणि श्रुतिकाने फॉर्म पुढे केला. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, पण पेन माझ्याच खिशात होतं.

ताबा तीन वर्षांनी आहे. मालनबाई मात्र आतापासूनच रोज पाय पोटाशी घेऊन झोपतात. तोवर सवय होईल, असं त्यांचं म्हणणं आहे. लहान घरात मावेल असं माणूस तयार करण्याचं काम बिल्डरला करावंच लागत नाही, ते घरच्या घरी होतं.

वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. तुमच्या घरी सगळं मापात बसलंय, याचं समाधानही वाटलं असेल. तरी तुमच्या हॉलमध्ये रात्री कोण झोपतं, ते एकदा आठवून बघा. त्यांनी “मला पुरते गं एवढी जागा” म्हटलं, तेव्हा तुम्ही किती पटकन विश्वास ठेवला होता, तेही आठवा. मापायचंच असेल तर सुतळी नंदाकडे आहे. फक्त टोकाची गाठ सोडवून घ्या.