अस्सलबरहुकूम गाय

निजाम सरकारच्या कचेरीत मी नकलनवीस. कागदाची हुबेहूब नक्कल करायची अन् खाली 'अस्सलबरहुकूम' लिहायचं, यात बारा वर्षं गेली. त्यामुळं मुंबईच्या एका दुकानाच्या जाहिरातीत 'सर्रियालिस्ट चित्रांच्या अस्सलबरहुकूम नकला, रंग शंभर वर्षं पक्का' असं वाचलं, तेव्हा मला राहवेना. एक मागवली. (सर्रियालिस्ट म्हणजे काय, ते पार्सल येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.)

तलवाड्याच्या घरी पार्सल सोडलं. भल्या थोरल्या आभाळात एक गाय तरंगत होती. पोटाला खिडकी, खिडकीत दिवा. गळ्यातलं दावं मात्र खाली जमिनीतल्या खुंटीला बांधलेलं. साहेब समोर आल्यासारखा मी टोपी सारखी करून उभाच राहिलो. माणसाचा हात असलं काही काढू शकतो, हे मला खरंच वाटेना.

"हे काय आणलं तुमी?" आमच्या कुटुंबानं, म्हणजे केसरबाईनं, विचारलं. "अन् गाय वर काहून गेली?"

"सपनात दिसतं तसं काढतेत. लई नावाजलेली कला हाय."

"रंग पक्का हाय का?"

"शंभर वर्षं."

"लुगडं घेताना मी टोक भिजवून बघते. रंग सुटला की माघारी. ह्याला बी तोच कायदा."

तिनं परातीत पाणी ओतलं. चित्र माघारी गेलं तर जन्मात पुन्हा असलं काही दिसणार नव्हतं. मला दरदरून घाम फुटला.

तिनं कोपरा बुडवला. पाणी नितळ. मग तिनं पहिल्यांदाच चित्र नीट पाहिलं अन् पाहतच राहिली.

"अवं," ती हळूच म्हणाली, "एवढी वर गेली, पर दावं न्हाई तुटलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला असं भारावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मीही भान हरपून परातीवर वाकलो.

टप्. पाण्यात काळा थेंब पडला.

"सुटला की," ती म्हणाली. तिनं कोपरा निरखला. रंग जसाच्या तसा होता. मग सावकाश मान वर करून तिनं माझ्याकडं पाहिलं. (पांढऱ्या मिशीला मी रोज कचेरीतली शाई लावत होतो, हे तिला सांगायचं राहून गेलं होतं.)

तिनं पदराचं टोक भिजवून माझी मिशी पुसली अन् टोक उजेडात धरलं.

"चित्र लावा भितीला. मुंबईवाला खरा निघाला," केसरबाई म्हणाली. "पर कायदा तो कायदा. तुमाला कुठल्या पत्त्यावर माघारी धाडायचं?"